दुर्गाडीची शिबंदी

"कल्याणला किल्ला? चल हट! कल्याणला तर फक्त गाड्या बदलतात."

हे वाक्य संदेशने उच्चारलं ते वीसेक पोरापोरींसमोर, आणि तोंडात अर्धी शेवपुरी असताना. अपमान करायचाच असेल तर माणसाने निदान घास गिळून करावा. एवढी साधी रीत ज्याला नाही तो कल्याणला नावं ठेवणार! रसिकाच्या अंगाचा असा तिळपापड झाला की तिच्या हातातल्या पुरीवरची शेव थरथरली.

विषय खरं तर साधा होता. घोडबंदर रोडवरच्या त्या चार टॉवरांच्या सोसायटीत पहिल्यांदाच दिवाळीच्या किल्ल्यांची स्पर्धा लागलेली. कोण कुठला किल्ला करणार यावर पोडियमवर चर्चा चाललेली. पोडियम म्हणजे टॉवरवाल्यांचं अंगण. खाली पाच मजले गाड्या झोपतात, त्यांच्या डोक्यावर फरशी घालून झोपाळे टांगतात, आणि जमिनीपासून एवढ्या उंचावरच्या त्या जागेला सगळे 'खाली खेळायला जातो' असं म्हणतात. तर तिथे दहावीतला संदेश, जो राहायला एकविसाव्या मजल्यावर आणि वागायला त्याच्याही वर, म्हणाला, "आपण जंजिरा करणार. कोणाच्या बापाला घेता नाही आला." त्यावर नववीतली रसिका म्हणाली, "मी दुर्गाडी करणार. कल्याणचा."

तिचं आजोळ कल्याणचं, पारनाक्याचं. नवरात्रात आजोबांच्या खांद्यावर बसून दुर्गाडीच्या जत्रेत तिने इतक्या शिट्ट्या आणि फुगे वसूल केलेले की किल्ला म्हटलं की दुर्गाडी, हे तिच्या डोक्यात पाढ्यांच्याही आधी पक्कं झालेलं.

"तिथे महाराजांच्या आरमाराची सुरुवात झाली!" ती ओरडली.

"आरमार? जंक्शनवर?" संदेशने दुसरी पुरी उचलली. "मग काय, जहाजं प्लॅटफॉर्म नंबर चारवर लागायची?"

सगळे हसले. मैथिलीसुद्धा हसली, जी रसिकाची जिवाभावाची मैत्रीण म्हणवते. (त्या हसण्याची चौकशी नंतर स्वतंत्रपणे झाली.) रसिकाने पुरी खाली ठेवली. भरलेली पुरी खाली ठेवणं ही तिच्या घराण्यात अन्नत्यागाच्या खालोखालची पायरी आहे.

"दुर्गाडीच करणार," ती म्हणाली. "आणि तूच मला विचारायला येशील की हे कुठून आलं म्हणून!"

आता कुठून काय येणार होतं हे तिला स्वतःलाही माहीत नव्हतं. पण रागात माणूस बोलून जातो आणि मग त्या बोलण्याच्या मागे धावत बसतो.

पहिला अडथळा होता कमलेश काकांचा. काका सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांना नियम करायला फार आवडतं. पोडियमवर चेंडूला किती उसळी चालेल, याचाही त्यांच्याकडे नियम आहे. किल्ला स्पर्धेचे नियम त्यांनी लिफ्टमध्ये लावलेले. किल्ला पर्यावरणपूरक असावा. किल्ल्याची माती सोसायटीच्या बागेतली नसावी. पोडियमच्या फरशीला डाग पडता कामा नये. आणि किल्ल्याच्या सर्वांत उंच ठिकाणी महाराजांची मूर्ती असणे अनिवार्य.

"काका, दुर्गाडीवर महाराज वर नाही बसवता येणार," रसिका म्हणाली. "ते खाली खाडीकाठी उभे पाहिजेत. जहाजं बांधून घेतायत ना! ते तिथे बसायला नव्हते आलेले, काम बघायला आलेले."

"नियम म्हणजे नियम, बाळा. वर म्हणजे वर."

"आणि जंजिऱ्यावर? तो तर महाराजांना घेताच आला नव्हता! तिथे वर कसे बसवणार?"

"वरच बसवणार," काका शांतपणे म्हणाले. "अनिवार्य आहे."

म्हणजे जो किल्ला कधी स्वराज्यात आलाच नाही, त्यावर मूर्ती बसवली तर पैकीच्या पैकी गुण, आणि जिथे महाराजांचं काम चाललेलं तिथे त्यांना उभं केलं तर गुण कापणार! हे ऐकून रसिका पाय आपटत घरी गेली.

दुसरा अडथळा मातीचा. वाचणाऱ्याला वाटेल, माती ही काय अडण्यासारखी वस्तू आहे? तर त्याने घोडबंदर रोडवर राहून बघावं. जिकडे पाहावं तिकडे जमीन उकरून ठेवलीय. डंपरच्या डंपर माती दिवसभर रस्त्याने सांडत जाते, खिडकी उघडली तर घरात येते, पोह्यांवर बसते. पण हीच माती एक घमेलंभर मागा! रसिकाचे बाबा, सुदेश, शेजारच्या साइटवर विचारायला गेले. बाबा स्वभावाने असे की त्यांना कोणालाही नाही म्हणता येत नाही, आणि त्यांना मात्र कोणीही नाही म्हणू शकतं. तिथल्या माणसाने त्यांना कॉन्ट्रॅक्टरकडे पाठवलं, कॉन्ट्रॅक्टरने विचारलं की माती कशासाठी, बाबा म्हणाले किल्ल्यासाठी, त्यावर तो म्हणाला, "किल्ला म्हणजे हेरिटेज. त्यात आम्हाला पडायचं नाही साहेब, काम थांबतं."

नर्सरीत माती म्हणून जी पिशवी मिळाली, ती फोडल्यावर आत नारळाचा भुसा निघाला. त्याचा बुरूज केला तर फुंकरीने उडायचा.

एव्हाना शेजाऱ्यांना सुगावा लागलेला, आणि उंटावरून शेळ्या हाकायला लिफ्टइतकी सोयीची जागा नाही. "थर्माकोलचा कर ना, हलका पडतो." "अगं, पुठ्ठ्याचा कर, आमच्या पिंट्याने केलेला, अजून माळ्यावर आहे, हवा तर तोच ने." सातव्या मजल्यावरच्या काकूंनी तर किल्ल्याच्या दरवाजाची दिशा विचारली आणि मान हलवली, "दक्षिणेला नको गं, घरात आजारपण येतं." आता किल्ल्याचं दार कुठे करायचं हे रसिका ठरवणार होती की तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वीचे लोक?

शेवटी आई म्हणाली, "आधी एकदा जाऊन बघून तर या, कसा आहे तो. लहानपणचं तुला काय आठवणार? फुगे!"

म्हणून रविवारी बाबा आणि रसिका गाडीने कल्याणला निघाले. काशेळीचा पूल, भिवंडी, कोनगाव, असं करत करत दुर्गाडीच्या पुलावर पोचेपर्यंत डब्यातल्या शंकरपाळ्या संपल्या, बाबांच्या मोबाइलची बॅटरी संपली आणि दोघांचा एकमेकांशी बोलण्याचा उत्साहही संपला. आजोबा पायथ्याशी वाट बघत उभे होते. सहदेव आजोबा कल्याणच्याच शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, त्यामुळे उशिरा येणाऱ्याकडे ते घड्याळ न बघता फक्त चष्म्यावरून बघतात. तेवढं पुरतं.

वर गेल्यावर रसिकाचा चेहरा पडला, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. दरवाजा, बुरूज, थोडी तटबंदी, देवीचं देऊळ. बाकी वारा. खाली पुलावर गाड्या एकमेकींवर ओरडत होत्या, आणि कुठल्याशा दादांच्या वाढदिवसाचा फलक एवढा मोठा होता की बुरुजापेक्षा दादांचा गॉगलच उंच वाटत होता. क्षणभर, अगदी क्षणभरच, तिच्या मनात आलं की संदेश म्हणतो ते... नाही. ते वाक्य तिने मनातसुद्धा पूर्ण केलं नाही.

"आजोबा, इथे दाखवण्यासारखं काय उरलंय?"

"तू दगड मोजायला आलीस का?" आजोबा म्हणाले. "वर बघून काय होणार? खाली बघ. किल्ला होता कशासाठी? या पाण्यासाठी. हे पाणी इथून कुठे जातं, सांग."

"समुद्रात."

"मधे?"

रसिकाला येईना. बाबांनाही येईना, म्हणून ते मोबाइल चालू होतोय का बघायला लागले.

"तुमच्या घोडबंदरला जातं," आजोबा म्हणाले. "तुमच्या टॉवरच्या खिडकीतून ती खाडी दिसते ना, ती हीच. इथे बांधलेलं गलबत ओहोटीबरोबर निघालं की तुमच्या इमारतीच्या अंगणातून वसईला आणि तिथून समुद्रात. तुम्ही सगळे आमच्या पाण्यावर राहता, बाळ. आणि आमचं नाव निघालं की नाक मुरडता."

"म्हणजे जहाजाने घोडबंदरहून कल्याणला लवकर पोचायचे?" बाबांनी अत्यंत हेव्याने विचारलं.

पण रसिकाचं लक्ष नव्हतं. तिच्या डोक्यात वीज चमकलेली. कल्याणचं पाणी जर टॉवरच्या खाली येतं, तर त्याच्याबरोबर कल्याणचा गाळही येत असणार! अस्सल दुर्गाडीच्या पायथ्याची माती घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि आपण नर्सऱ्या पालथ्या घालतोय. काखेत कळसा आणि गावाला वळसा तो हाच.

सोसायटीच्या गेटाबाहेर विमलाबाई मासे घेऊन बसतात. राहायला खाडीकाठच्या कोळीवाड्यात. हे टॉवर नव्हते तेव्हापासून त्यांची टोपली तिथेच, त्यामुळे त्यांच्या मते सोसायटी त्यांच्या टोपलीसमोर बांधलेली आहे. रसिकाने त्यांना अडचण सांगितली.

"अगो पोरी, माती माती कनाला करतंस?" विमलाबाई म्हणाल्या. "खारीन चिखोल हाय ना, किती पन ने! माजा पोर भरून देल." मग बाबांकडे वळून म्हणाल्या, "पन सायेब, यक हाय. आवस जवल आली का चिंबोऱ्या भायेर पडतान, हां. मंग मना बोलाचा नाय."

बाबांना वाटलं, आवस म्हणजे दिवाळीची अमावस्या, आणि ही तेव्हाचे खेकडे खपवण्याची युक्ती आहे. ते घाईघाईने म्हणाले, "नको नको, आमच्याकडे सणाचं चालत नाही. दिवाळी झाली की घेऊ."

विमलाबाईंनी कपाळाला हात लावला. त्यांनी जे सांगायचं ते सांगितलेलं.

तीन गोणी चिखल गाडीच्या डिकीत घालून बापलेक गेटवर आले, तर वॉचमन रामाभाऊंनी हात आडवा केला. हल्ली सोसायटीत कोणीही, काहीही आत यायचं तर मोबाइलवर नोंद लागते.

"साहेब, मागे काय?"

"माती."

रामाभाऊंनी मोबाइल वरखाली केला. "मातीचं ऑप्शनच नाय ना साहेब. पार्सल, जेवण, कामवाली, टॅक्सी, पाहुणे. यातलं सांगा."

"पार्सल टाका."

"पार्सलला कंपनी विचारतंय."

मागे गाड्यांची रांग लागली. हॉर्न सुरू झाले. बाबांना घाम फुटला.

"मग पाहुणे टाका!" रसिका म्हणाली.

"किती?"

"तीन."

"पाहुणे तीन. कोणाकडे?"

"नऊशे चार."

"मुक्काम?"

"दिवाळी होईपर्यंत."

"टाकलं," म्हणत रामाभाऊंनी फाटक वर केलं, आणि डिकीतल्या पाहुण्यांनी गृहप्रवेश केला.

पुढचे दिवस रसिका कोपरापर्यंत चिखलात होती. पोडियमच्या कोपऱ्यात नळाजवळ तिने आधी जाड प्लास्टिक अंथरलं, म्हणजे डागाचा नियम पाळला. मग टेकडी, बुरूज, दरवाजा. पायथ्याला खाडी, खाडीत करवंट्यांची गलबतं, काठावर जहाजं बांधायची जागा आणि तिथे महाराजांची छोटी मूर्ती. आणि बाजूला आजचा पूल! त्यावर तिने सोसायटीतल्या सगळ्या पोरांच्या खेळण्यातल्या गाड्या मागून आणून एकाला एक चिकटवून लावल्या. बाबा म्हणाले, हा भाग सगळ्यांत अस्सल झालाय. शेजारीच, त्याच नळाजवळ, संदेशने जंजिरा मांडला. मांडला म्हणजे काय, खोक्यातून काढला! ऑनलाइन मागवलेला तयार थर्माकोलचा तट. लहान मुलांच्या डुंबायच्या रबरी टबात पाणी भरून त्यात तो बेटासारखा ठेवला, कडेने प्लास्टिकचं गवत चिकटवलं, सर्वांत वर महाराज बसवले आणि हात धुतले. हातांना लागलेलंच काय होतं धुवायला!

"तुझा किल्ला वास मारतोय," तो म्हणाला.

"तुझ्यावर महाराज रागावलेत," रसिका म्हणाली.

वासाच्या बाबतीत मात्र तो अगदी खोटं बोलत नव्हता. दुपारी ऊन चढलं तसा खाडीचा चिखल आपला गुण दाखवायला लागला. सोसायटीच्या ग्रुपवर पहिला निरोप आला, "कोणाकडे गॅस लीक आहे का?" दुसरा आला, "मला पण येतोय." तिसऱ्याने मेलेल्या उंदराची शंका काढली, चौथ्याने तिसऱ्याच्या स्वयंपाकाची, आणि ग्रुपवर जुंपली. कमलेश काकांनी नियमाप्रमाणे भोंगा वाजवला. नियमाप्रमाणे सगळे जिन्याने उतरले. आणि संकटकाळी जमायची जी जागा हिरव्या पाटीने दाखवलेली आहे, तिथे सगळे नियमाप्रमाणे जमले. ती पाटी नेमकी दुर्गाडीच्या डोक्यावर होती. चार टॉवरांमधली माणसं वासापासून जीव वाचवायला पळत येऊन त्या वासाच्या उगमाभोवती नाकाला रुमाल लावून उभी राहिली!

गॅसवाला आला. त्याने यंत्र फिरवलं, काटा हलेना. मग त्याने यंत्र खिशात घातलं, नाक वापरलं आणि किल्ल्यासमोर येऊन उभा राहिला. "ही खाडी आहे," तो म्हणाला. "मी भाईंदरचा आहे, मला विचारा."

"काढा! आत्ताच्या आत्ता काढा हे!" कमलेश काका गरजले.

रसिकाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज चढाच राहिला. "का काढायचं? सगळ्यांनी घरं घेतलीत ती क्रीक व्ह्यू बघून ना? मग जिथून व्ह्यू येतो तिथूनच वास येणार!"

"व्ह्यू काचेतून येतो गं," सातव्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या. "काच लावून घेता येते."

"आणि काढायचा कसा?" बाबा पहिल्यांदाच बोलले. सगळे वळून बघायला लागले तसे ते दचकले, पण थांबले नाहीत. "ओला चिखल आहे. हलवला तर... म्हणजे... फरशीला डाग पडणार."

कमलेश काकांनी वाकून फरशीकडे बघितलं.

"नियम म्हणजे नियम, काका," रसिका म्हणाली.

तडजोड अशी झाली की किल्ल्याभोवती सकाळ-संध्याकाळ उदबत्त्या लावायच्या. त्यामुळे दुर्गाडीला चंदनाचा आणि चिखलाचा मिळून असा काही वास यायला लागला, की येणारे-जाणारे हात जोडायचे आणि मग नाक धरायचे.

आता किल्ल्यावर हिरवळ हवी. ती अळिवाचीच हवी, ही रीत आहे. रसिकाने अळीव पेरला आणि सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी घालायला लागली. मैथिलीला पहाऱ्यावर बसवलं, हसण्याची भरपाई म्हणून. अळीव काही उगवेना. खाऱ्या चिखलात अळीव उगवत नाही, हे विज्ञानाच्या पुस्तकात कुठेतरी असणारच, पण तो धडा दुसऱ्या सत्रात आहे. संदेश रोज आपल्या प्लास्टिकच्या गवतावरून हात फिरवत म्हणायचा, "जंक्शनवर कुठे हिरवळ असते?"

अळीव उगवला नाही, पण भलतंच काहीतरी व्हायला लागलं. रोज सकाळी बुरुजांना भोकं पडलेली असायची. गोल, नीट, बोट जाईल एवढी. रसिकाने बुजवावीत, दुसऱ्या दिवशी जास्त!

असं काम कोण करणार? उघड होतं. ती थेट कमलेश काकांकडे गेली आणि म्हणाली, संदेश काडीने भोकं पाडतोय. संदेशला बोलावलं. तो म्हणाला, "मी? त्या घाणीला हात लावेन मी?" काकांनी कॅमेऱ्याचं चित्रण लावलं. सगळे डोळे ताणून बघत बसले. रात्रभरात किल्ल्याजवळ कोणी म्हणजे कोणी आलं नव्हतं.

"सॉरी म्हण," संदेश म्हणाला.

"सॉरी," रसिका म्हणाली. हा शब्द उच्चारताना तिला आतून काय काय झालं याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. ज्याने कल्याणचा अपमान केला, त्यालाच सॉरी! आणि तेही काकांच्या घरी, तो चिवडा खात असताना!

संध्याकाळी तिने रडकुंडीला येऊन आजोबांना व्हिडिओ कॉल लावला आणि किल्ला दाखवला.

आजोबांनी चष्मा पुसला. "छान केल्यास की जंग्या!"

"काय?"

"जंग्या. तटाला भोकं ठेवतात ना, आतून बंदुकीने नेम धरायला. त्यांना जंग्या म्हणतात. बुजवू नकोस. किल्ला आता किल्ल्यासारखा दिसतोय. फक्त आत शिबंदी पाहिजे."

"शिबंदी म्हणजे?"

"अगं, किल्ल्यावरचं सैन्य."

रसिकाने डोळे पुसले आणि भोकं तशीच ठेवली. सैन्य कुठून आणणार होती ती? दुकानात प्लास्टिकचे मावळे होते, पण सगळे घोड्यावर बसलेले. आरमारात घोडे काय कामाचे?

परीक्षण नरकचतुर्दशीला संध्याकाळी. परीक्षक म्हणून नौपाड्याच्या निवृत्त मुख्याध्यापिका सुमतीबाई आलेल्या. पैठणी, जाड भिंगं, हातात गुणांची पाटी. मागे कमलेश काका, त्यांच्या मागे अख्खी सोसायटी. आजोबाही कल्याणहून आलेले, तीन वाहनं बदलून.

बाई जंजिऱ्यापुढे थांबल्या. "सुबक आहे. स्वच्छ आहे. महाराज वर आहेत."

"जंजिऱ्यावर!" रसिका कुजबुजली, पण तिची कुजबुज दुसऱ्या टॉवरपर्यंत जाते. आईने तिला चिमटा काढला.

मग बाई दुर्गाडीपुढे आल्या. चिखल वाळून भेगाळलेला. हिरवळ नाही. पुलावर गाड्या तुंबलेल्या. बाईंनी नाकाला पदर लावला.

"यात महाराज वर का नाहीत?"

रसिकाने सांगितलं. जहाजं, खाडी, ओहोटी, आजोबांचं पाणी, सगळं एका दमात. बाई ऐकत होत्या. "आणि हा पूल?"

"तो आजचा. कल्याण आजही आहे ना, बाई. लोक फक्त पुलावरून जातात, खाली कोणी बघत नाही."

बाईंनी काही लिहिलं. मग वाकून बुरुजाकडे बघितलं. "जंग्या मात्र फार बारकाईने केल्यास हं," असं म्हणत त्या आणखी वाकल्या, आणि एका जंगीतून दोन बारीक डोळे देठांवर वर आले आणि त्यांनी बाईंकडे बघितलं.

बाई सरळ उभ्या राहिल्या. चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि खुर्चीवर जाऊन बसल्या. वयोमानाने आपल्याला असं दिसायला लागलंय, हे चारचौघांत कोण सांगणार?

निकाल लागला. पहिला क्रमांक, जंजिरा. पर्यावरणपूरक असण्याचा नियम तेवढ्यापुरता लिफ्टमध्येच राहिला. दुर्गाडीला उत्तेजनार्थ.

उत्तेजनार्थ! ज्याला काहीच द्यायचं नसतं पण तो रडेल अशी भीती असते, त्याला देतात ते बक्षीस. मूर्ती वर नाही म्हणून गुण गेले, हिरवळ नाही म्हणून गेले, आणि काका हळूच म्हणाले, वासाचेही थोडे. रसिका ते प्रमाणपत्र हातात धरून उभी राहिली. आजोबा शेजारी उभे होते. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, आणि तेच तिला सगळ्यांत लागलं. इतक्या लांबून आले, आणि कल्याणला काय मिळालं, तर उत्तेजनार्थ.

"ए जंक्शन!" संदेश करंडक उंचावून म्हणाला. "फोटो काढ ना आमचा!" आणि विजेत्याच्या थाटात चपला काढून, पँट दुमडून, तो टबाच्या पाण्यात जंजिऱ्याला टेकून उभा राहिला.

तेव्हाच दुर्गाडीचा दरवाजा हलला.

आधी एक नांगी बाहेर आली. मग दुसरी. मग एक चांगली दणकट चिंबोरी दरवाजातून तिरकी तिरकी बाहेर पडली आणि थांबली, जणू मागच्यांची वाट बघत. मग प्रत्येक जंगीतून एकेक. बुरुजावरून, तटावरून, पुलावरच्या तुंबलेल्या गाड्यांच्या टपांवरून, (त्या पुलावरून इतक्या वेगाने आजवर काहीही गेलेलं नाही) सगळी शिबंदी उतरली. वाळत्या चिखलात तिला पाणी हवं होतं, आणि पाणी होतं शेजारच्या टबात. थांबणार कशाला?

"आवस जवळ आली," बाबा एकदम म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "विमलाबाई बोललेल्या!"

सातव्या मजल्यावरच्या काकू बाकावर चढल्या. कमलेश काकांनी भोंगा वाजवला, पण संकटकाळी जमायची जागा हीच असल्यामुळे कुठे जायचं ते कोणालाच कळेना. तोवर पहिली तुकडी टबाची कड ओलांडून पाण्यात उतरलेली. दुसरी थर्माकोलला नांग्या रोवून तट चढायला लागली. रसिकाने काय केलं तर आधी धावत जाऊन जंजिऱ्यावरची महाराजांची मूर्ती दोन्ही हातांनी अलगद उचलली आणि आजोबांच्या हातात दिली. बाकी किल्ला तिने आरमारावर सोडला. करकर आवाज करत तटाचे तुकडे उडायला लागले. जो कोणाच्या बापाला घेता आला नाही, तो एका फोटोला लागतो तेवढ्या वेळात पडला.

"ही ब्याद आत सोडली कोणी?" काका किंचाळले. "रामा! नोंद बघ!"

रामाभाऊंनी मोबाइल वरखाली केला. "नोंद आहे ना साहेब. पाहुणे. नऊशे चारकडे. मुक्काम दिवाळी होईपर्यंत."

सुमतीबाई खुर्चीवरून उठल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मोठं समाधान होतं. "म्हणजे मला खरंच दिसलेलं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी आजोबांच्या हातातली मूर्ती बघितली, समोर पडत चाललेला जंजिरा बघितला आणि पाटीवर काहीतरी खोडायला घेतलं. काका "बाई, निकाल जाहीर झालाय, नियम..." म्हणत त्यांच्याकडे धावले, आणि वाटेत एक चिंबोरी दिसताच तसेच मागे धावले.

संदेश एव्हाना टबातून उडी मारून प्लास्टिकच्या खुर्चीवर चढलेला. एका हातात करंडक, दुसऱ्यात चपला, आणि खुर्चीखाली दोन चिंबोऱ्या पहारा देत.

"रसिका!" तो ओरडला. आवाज पार बसलेला. "हे... हे कुठून आले सगळे?"

रसिकाने आजोबांकडे बघितलं. आजोबांनी खिशातून चष्मा काढून परत डोळ्यांवर चढवला. मग तिने उत्तेजनार्थ प्रमाणपत्राची नीट घडी घातली, घसा साफ केला, आणि तोंडात काहीही नसताना, अगदी स्वच्छ आवाजात सांगितलं,

"कल्याणहून. गाडी बदलून."